लिस्बन आणि पोर्तोच्या मध्ये कोइंब्रा: दीड दिवस, सोबत आई, सल्ला हवा आहे

पोथीघर, पुणे

नमस्कार मंडळी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई पोर्तुगालला निघालोय. भाची लिस्बनला नोकरी करते, मुक्काम तिच्याकडे. परतीचं विमान पोर्तोहून आहे. या दोन शहरांच्या मध्ये कोइंब्रा लागतं आणि तिथे आम्हा दोघींनाही जायचंच आहे. कारणं मात्र अगदी वेगळी.

माझं कारण कामाचं. मी इथल्या एका जुन्या संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते. कसर, वाळवी, पावसाळ्यातली ओल यांच्याशी रोजची गाठ. लाल कापडाची बासनं, वेखंडाच्या पुरचुंड्या हे जुने उपाय आम्ही सोडलेले नाहीत, नवेही वापरतो. मी शिकाऊ होते तेव्हा आमच्या सरांनी सांगितलं होतं की कोइंब्रा विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयात वटवाघळं पाळल्यासारखी राहतात आणि रात्री पुस्तकांवरचे किडे खातात. तेव्हापासून ती वास्तू बघायची आहे. सोनेरी कपाटांचे फोटो पुष्कळ पाहिले. मला भिंती बघायच्या आहेत, लाकूड बघायचं आहे, आत हवा कशी राहते ते अंगावर घ्यायचं आहे.

आईचं कारण घरातलं. तिचे काका १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेले होते. हद्द ओलांडून आत गेलेल्या त्यांच्या तुकडीला पोर्तुगीज पोलिसांनी लाठ्यांनी झोडपून परत लोटलं. पाठीवरचे वळ आईने लहानपणी पाहिलेत. पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार, हे नाव तिच्या माहेरी जेवताना निघायचं. तो माणूस कोइंब्राला प्राध्यापक होता हे तिला पक्कं ठाऊक आहे. पोर्तुगालची तिकिटं काढली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली, "तो जिथे शिकवायचा ती जागा मला दाखव."

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सपाटीवर छान चालते, पण गुडघे दुखरे आहेत. मांस-मासे नाहीत, अंडंही नाही. सध्याचा बेत असा: रविवारी दुपारी लिस्बनहून निघायचं, सोमवार पूर्ण कोइंब्रात, सोमवारी रात्री पोर्तो. ऑफिसमधले म्हणतात, लिस्बनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, मुक्काम कशाला? कोणी म्हणतं वाटेत फातिमा हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र करा, कोणी म्हणतं कोनिंब्रिगाचे रोमन अवशेष सोडू नका. चढाचं शहर आहे असं ऐकून आहे. आईला झेपेल का? जेवणाचं काय करावं? आणि ग्रंथालयात नीट बघायला वेळ देतात का? जाऊन आलेल्यांनी सांगावं.

शनिवारपेठकर

ताई, आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. बसने लिस्बनहून निघून फातिमा, मग कोइंब्रा, रात्री पोर्तो. कोइंब्राला बस वर विद्यापीठापाशी नेली, ग्रंथालय आणि अंगण बघून खाली उतरलो, नदीकाठी फोटो काढले आणि निघालो. बघितल्याचं समाधान झालं. हाताशी वेळ कमी असेल तर मी म्हणेन लिस्बनहूनच सिंत्रा करा. लोकल गाडीने जाता येतं, राजवाडे सुंदर आहेत. आईंची दगदगही वाचेल.

मोंदेगोकाठ

पोथीघर ताई, मुक्काम करा. बाकी काहीही कमी करा, पण एक रात्र कोइंब्राला द्या. मी तिथे रसायनशास्त्राच्या विभागात काही वर्षं संशोधन केलं, आता कोथरूडला असतो. त्या गावाबद्दल कोणी विचारलं की मला थोडक्यात सांगता येत नाही, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

पहिली आणि महत्त्वाची गोष्ट, वार बदला. माशादो द काश्त्रो हे तिथलं मोठं संग्रहालय सोमवारी बंद असतं, नदीपलीकडचा सांता क्लारा-आ-वेल्याचा जुना मठही. विद्यापीठ मात्र बघता येतं. सोमवारी सकाळी लिस्बनहून निघालात तर दुपार विद्यापीठाला द्या, मंगळवारची सकाळ या दोन ठिकाणांना आणि मंगळवारी संध्याकाळी पोर्तो. तेवढाच वेळ, पण सगळी दारं उघडी.

लिस्बनच्या ओरिएंत किंवा सांता आपोलोनिया स्टेशनवरून आल्फा पेंदुलार ही जलद गाडी घ्या, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. पुढे पोर्तो तासाभरावर आहे. ६५ च्या वरच्या प्रवाशांना रेल्वेत अर्धं तिकीट आहे, आईंचा पासपोर्ट जवळ ठेवा. लवकर काढलं तर तुमचंही स्वस्तात मिळेल. उतरायचं कोइंब्रा-बी स्टेशनवर. जुन्या माहितीत लिहिलेलं असतं की तिथून दुसऱ्या छोट्या गाडीने गावात जा. ते गावातलं स्टेशन २०२५ च्या जानेवारीत बंद झालं. बाहेर टॅक्सी उभ्या असतात, गाव दोनेक किलोमीटरवर आहे. राहायची जागा खाली घ्या, पोर्ताजें चौक ते सांता क्रूझ चर्च या पट्ट्यात. हा भाग सपाट आहे. वरच्या गावात स्वस्त खोली दिसली तरी घेऊ नका, बॅगा चढवताना जीव जाईल.

आता चढाचं. कोइंब्रा म्हणजे टेकडी. माथ्यावर विद्यापीठ, पायथ्याशी मोंदेगो नदी, मधल्या उतारावर जुनं गाव. विद्यापीठाकडे जाणारा सव्वाशे पायऱ्यांचा भव्य जिना आहे आणि जुन्या कॅथेड्रलकडून खाली उतरणारी केब्रा कोश्ताश नावाची पायऱ्यांची गल्ली. सगळे सांगतात टॅक्सीने वर जा आणि चालत खाली या. तुमच्या-माझ्यासाठी ते ठीक आहे. दुखऱ्या गुडघ्यांना मात्र चढापेक्षा उतार छळतो, त्यातून तिथली फरसबंदी गुळगुळीत चुनखडीची आणि मार्चमध्ये पाऊस हटकून असतो. म्हणून आईंना जाताना टॅक्सी आणि येतानाही टॅक्सी. ॲपवरच्या टॅक्सी मिळतात, चढाईच्या मानाने भाडं काहीच नाही. रबरी तळव्याचे बूट हवेतच.

वर पोर्ता फेरेआ या दरवाज्यातून आत गेलं की विद्यापीठाचं मोठं अंगण लागतं. तीन बाजूंना इमारती, चौथी बाजू नदीकडे मोकळी. पूर्वी हा राजवाडा होता. पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो एन्रिकेश यानं कोइंब्राला राजधानी केलं आणि तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती इथेच होती. विद्यापीठ १२९० मध्ये दिनिश राजाने लिस्बनला स्थापन केलं. ते कधी इथे कधी तिथे असं फिरत राहिलं आणि १५३७ मध्ये जुआंव तिसऱ्याने ते कोइंब्राला कायमचं आणलं. अंगणात पुतळा आहे तो त्याचाच. आपल्या माणसांनी तिथे जरा थांबावं. याच जुआंवच्या काळात, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली.

दुसरा धागा मला त्याहून जवळचा वाटतो. जोआनिना ग्रंथालय बांधलं जुआंव पाचव्याने, १७१७ ते १७२८ या काळात, ब्राझीलच्या सोन्याचा पैसा ओतून. ग्रंथालय पूर्ण झालं आणि दोन वर्षांत इकडे शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लिस्बनच्या गादीवर हाच राजा होता. आतल्या तिसऱ्या दालनाच्या टोकाला त्याचं मोठं चित्र लावलंय. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या चित्रासमोर हे सांगायचो. वसईच्या किल्ल्यावर आपण सहलीला जातो, मेणवलीच्या घाटावरची पोर्तुगीज घंटा बघतो, पण हे सगळं गमावणारा राजा कसा दिसायचा ते आपल्याला ठाऊक नसतं.

आता तुमचं खरं काम. ग्रंथालयाची भिंत दोन मीटरहून जाड आहे. दार सागवानाचं. आतली कपाटं ओकच्या लाकडाची, ते इतकं घट्ट असतं की किड्याला पोखरणं जड जातं आणि त्याचा वासही किड्यांना नकोसा असतो. आत तापमान १८ ते २० अंशांच्या दरम्यान टिकतं, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. वरच्या मजल्यावर सुमारे साठ हजार ग्रंथ आहेत, सोळाव्या ते अठराव्या शतकातले. वटवाघळं आहेतच. दिवसा कपाटांच्या मागे असतात, तुम्हाला दिसणार नाहीत. संध्याकाळी कर्मचारी जुन्या मेजांवर कातडी अंथरतात आणि सकाळी येऊन विष्ठा झाडून घेतात. हे रोज चालतं. मला त्या जागेची सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट हीच. एवढ्या सोन्याच्या मुलाम्याखाली रोज सकाळी कोणीतरी केरसुणी घेऊन उभं असतं, म्हणून ती पुस्तकं आहेत. तुमच्या कामातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

वेळ मात्र मोजका मिळतो. तिकिटावर ग्रंथालयात शिरायची वेळ छापलेली असते, ती चुकली की चुकली. गट आत सोडतात, मुख्य दालनात थोडा वेळ देतात आणि बाहेर काढतात. श्वासांची ओल आणि उष्णता वाढू नये म्हणून ते करतात, तुम्हाला पटेलच. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दुपारी उशिराची वेळ घ्या, बसमधून येणाऱ्या टोळ्या तोवर उतरलेल्या असतात. आणि एक करा: संस्थेच्या लेटरहेडवर विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला आत्ताच ईमेल लिहा. काय काम करता, काय बघायचं आहे, हे स्पष्ट लिहा. जोआनिनातले ग्रंथ आजही अभ्यासकांना मागणीवरून वाचायला मिळतात, ते या मुख्य ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आणून देतात. जतनाचं काम करणाऱ्या माणसांशी दहा मिनिटं बोलायला मिळालं तरी तुमचा प्रवास सार्थकी लागेल.

शनिवारपेठकर काका, तुमचं म्हणणं कळतं, सिंत्रा सुंदरच आहे. पण कोइंब्रा दुपारी अकरा ते चार बघून कळत नाही. त्या वेळात ते बसमधून उतरलेल्यांचं असतं. संध्याकाळी गाव पुन्हा विद्यार्थ्यांचं होतं. काळे झगे खांद्यावर टाकलेली पोरं-पोरी उतारावरून खाली येतात, रेपुब्लिका नावाच्या त्यांच्या सामाईक घरांतून स्वयंपाकाचे वास येतात, भिंतींवर रंगवलेल्या घोषणा वाचत चालता येतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यांत खोली घेऊन शिकलेल्या कोणालाही ते गाव लगेच आपलं वाटेल. आणि रात्रीचा फादो, म्हणजे गिटारच्या साथीचं तिथलं पारंपरिक गाणं. लिस्बनचा फादो बाईही गाते, पुरुषही. कोइंब्राचा फादो परंपरेनं विद्यार्थी पुरुषांचा, काळ्या झग्यात, उभ्याने. तिथली गिटार लिस्बनच्या गिटारपेक्षा एक स्वर खाली लावतात. दाद टाळ्यांनी द्यायची नाही, हलकंसं खाकरायचं, असा जुना रिवाज आहे. केब्रा कोश्ताशच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमाराला छोटे कार्यक्रम होतात, तासाभराचे. आईंना तिथवर न्यायचं तर अल्मेदिना कमानीपर्यंत सपाट रस्ता आहे, पुढे थोड्याच पायऱ्या. हात धरून सावकाश चढा.

फातिमा आणि कोनिंब्रिगा दोन्ही सोडा. कोनिंब्रिगाची मोझेकं अप्रतिम आहेत, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि उघड्यावर चालावं लागतं. रोमन काळ बघायचा असेल तर माशादो द काश्त्रोच्या पोटात जा. पहिल्या शतकातल्या फोरमला, म्हणजे रोमन गावाच्या मुख्य चौकाला, आधार देण्यासाठी बांधलेली दुमजली भुयारं तिथे तशीच उभी आहेत, त्यांच्यावर पुढे बिशपचा वाडा झाला आणि त्यात हे संग्रहालय. खाली अंधार असतो, जमीन समपातळीत नाही. आईंना वरच्या कॅफेत बसवा, तिथून जुन्या गावाची छपरं आणि नदी दिसते.

वरणभात

जेवणाचं मी सांगते. माझ्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यांना घेऊन पोर्तुगाल केलंय.

सेम कार्न, सेम पेइश, सेम ओवु. मांस नको, मासे नको, अंडं नको. हे तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून वेटरला दाखवायचे. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येऊ शकतं. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात सॉसेजची चकती असते, आणि ती काढून दिली तरी रस्सा तोच राहतो. त्याऐवजी सोपा द लेगुमेश मागा, म्हणजे भाज्यांचं सूप, आणि त्यात मांसाचं पाणी नाही ना हे विचारा. मक्याची ब्रोआ म्हणजे जाड पाव, ऑलिव्ह, उकडलेले बटाटे, भात, हे मिळतंच. जेवणाआधी न मागता टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह ठेवतात. खाल्लं तर बिलात येतं, नको असेल तर परत पाठवा, कोणी रागावत नाही.

गोडाबद्दल आईंना आधीच सांगून ठेवा. कोइंब्रा आणि आसपासच्या गावांतली मठांची मिठाई प्रसिद्ध आहे, तेंतुगालची पापुद्र्याची, सांता क्लाराची बदामाची, पण बहुतेक सगळी अंड्याच्या पिवळ्या बलकावर उभी आहे. त्यांना त्यातलं काही चालणार नाही. संत्री मात्र मनसोक्त खा, मार्चमध्ये गोड असतात. चीज घेणार असाल तर सेर्रा द इश्त्रेलाचं घ्या. ते दूध रानटी काटेरी फुलांच्या अर्काने विरजतात, वासराच्या पोटातलं विरजण त्यात नसतं. आमच्या सासूबाईंनी हे कळल्यावरच खाल्लं.

पोर्तुगालमध्ये २०१७ साली कायदा झालाय, सरकारी उपाहारगृहांत एक शाकाहारी पदार्थ ठेवावाच लागतो, तोही अंडं-दूध नसलेला. त्यामुळे विद्यापीठाच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या कँटीनमध्ये तुम्हाला आत घेत असतील तर तिथे निर्धास्त जेवा.

आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ तिथे मिळतो, तूप नेता येत नसेल तर तिथलं लोणी कढवा. मेतकूट आणि थोडी भाजणी बॅगेत ठेवा. संध्याकाळी दमून आल्यावर आईंना मऊ भात मिळाला की दुसऱ्या दिवसाची तयारी झाली.

पोथीघर, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. वार बदलले. सोमवारी सकाळी लिस्बनहून, मंगळवारी संध्याकाळी पोर्तो. स्वयंपाकघर असलेली खोली सांता क्रूझजवळ मिळाली आहे, पहिल्या मजल्यावर, लिफ्टसह. ईमेलचा मसुदा केलाय, आमच्या संचालकांची सही घेऊन उद्या पाठवते.

वसईचा संबंध आईला वाचून दाखवला. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे घेणाराही तिथे आणि गमावणाराही तिथेच." आता तिला दोन्ही राजे बघायचे आहेत.

मोंदेगोकाठ, तुमच्याकडून आणखी दोन गोष्टी हव्या आहेत. सालाझार नेमका कुठे शिकवायचा, ती इमारत अजून आहे का? आणि आईला अंगणात बसायला जागा आहे का?

गोमंतक

मी मूळचा फोंड्याचा, आता वारज्यात. सालाझारचा भाग मी सांगतो, कारण आमच्या घरातही तो विषय आहे.

सालाझार कोइंब्राचाच विद्यार्थी. १९१४ मध्ये कायद्याचा पदवीधर झाला, मग तिथेच अर्थशास्त्र शिकवू लागला. १९२८ मध्ये अर्थमंत्री म्हणून लिस्बनला गेला आणि १९३२ पासून १९६८ पर्यंत पंतप्रधान. कायद्याची विद्याशाखा त्या जुन्या अंगणातच आहे, आजही. त्यामुळे ताई, तुमच्या आई जुआंव तिसऱ्याच्या पुतळ्याजवळ उभ्या राहिल्या की त्यांना हवी ती जागा त्यांच्यासमोरच असेल. अंगणाबाहेर ज्या प्रचंड, सपाट, चौकोनी इमारती दिसतात त्या त्याच्या राजवटीतल्या. १९४० च्या दशकात जुन्या वरच्या गावाचा मोठा भाग पाडून त्या उभ्या केल्या, राहणाऱ्यांना उठवलं.

पण आईंनी फक्त सालाझारची जागा बघून परत येऊ नये. याच कोइंब्रात १९२८ मध्ये आमच्या गोव्याच्या विद्यार्थ्यांनी, आदेओदातो बार्रेतो, तेलो मास्कारेन्हास आणि त्यांच्या मित्रांनी, 'इंदिया नोवा' नावाचं पत्र काढलं. नवा भारत. ज्या वर्षी सालाझार मंत्री झाला त्याच वर्षी, त्याच्याच विद्यापीठात. बार्रेतो तरुणपणीच गेले. मास्कारेन्हास यांना पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात अनेक वर्षं काढावी लागली.

आणि १७ एप्रिल १९६९. गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन, राष्ट्राध्यक्ष आमेरिकु तोमाश हजर. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तु मार्तिंश उभा राहिला आणि त्याने विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायची परवानगी मागितली. ती नाकारली. त्या रात्री त्याला अटक झाली, मग वर्ग बंद, परीक्षांवर बहिष्कार, पोलीस, पुष्कळ विद्यार्थ्यांना सक्तीने लष्करात धाडलं. त्याच वर्षी जानेवारीत मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटले होते. १९५५ पासून कैदेत होते ते. नंतर पुण्यातच राहिले, २०१९ मध्ये इथेच गेले. गणिताची इमारत पोर्ता फेरेआपासून काही मिनिटांवर आहे, रस्ता सपाट. बाहेरून साधी दिसते, तरी आईंना तिथे न्या.

सत्याग्रहाला मदत करणाऱ्या गोवा विमोचन सहायक समितीचं काम पुण्यातून चालायचं. केशवराव जेधे अध्यक्ष, जयंतराव टिळक त्यात होते. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गेले. आईंच्या काकांची तुकडी कोणती, कुठून आत शिरली, एवढं जरी त्यांना आठवत असेल तरी लिहून ठेवा. अशा आठवणी असलेली माणसं झपाट्याने कमी होताहेत. पोथ्यांचं जतन तुम्ही करताच, हेही त्याच कामातलं आहे.

मोंदेगोकाठ

गोमंतक यांनी उत्तम सांगितलं, त्यात भर घालण्यासारखं फारसं नाही. गणित विभागात माझं अधूनमधून जाणं असायचं. १७ एप्रिल तिथले लोक विसरत नाहीत, जुने प्राध्यापक त्या दिवसाबद्दल बोलायला बसले की उठत नसत.

बसायला अंगणात भिंतीलगत दगडी कट्टे आहेत, आणि नदीच्या बाजूचा कठडा. पाऊस असेल तर विया लातीना या खांबांच्या ओवरीत आडोसा मिळतो, पण तिथे जायला पायऱ्या आहेत. ग्रंथालयाच्या भेटीतही पायऱ्या आहेत. मुख्य दालनाच्या खाली मधला मजला आणि त्याखाली विद्यापीठाचा जुना तुरुंग आहे, गुन्हा केलेल्या विद्यार्थ्यांना तिथे ठेवत. तिकीट खिडकी पोर्ता फेरेआच्या बाहेर समोरच, मुख्य ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. तिथेच आईंच्या गुडघ्यांबद्दल सांगा आणि सोपी वाट विचारा. माणसं मदत करतात.

एक राहिलं होतं. खाली सांता क्रूझ चर्चमध्ये पहिला राजा आफोंसो एन्रिकेश आणि त्याचा मुलगा सांशु यांच्या समाध्या आहेत. तुमच्या खोलीपासून सपाट चालत जाता येईल. लगतच्या कॅफेचं छतही चर्चसारखं कमानींचं आहे, कारण ती जागा आधी चर्चचाच भाग होती. सोमवारी पोचल्यावर आईंना आधी तिथे कॉफी पाजा, मग टॅक्सी बोलवा.

मंगळवारी पोर्ताजें चौकातून पूल ओलांडून सांता क्लारा-आ-वेल्याला चालत जा, पूल सपाट आहे. मोंदेगोच्या पुराने तो मठ शतकानुशतकं बुडत राहिला. जोगिणींनी आत वरचा मजला चढवला, पाणी तिथेही आलं, शेवटी १६७७ मध्ये त्या टेकडीवरच्या नव्या मठात गेल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस गाळ उपसून तो मोकळा केला. गाळातून आणि ओलीतून वस्तू कशा वाचवल्या हे तिथल्या संग्रहालयात मांडलंय. ताई, हे तुम्ही चुकवू नका. माझ्या मते जोआनिनाइतकंच ते तुमच्या कामाचं आहे.

पोथीघर, पुणे

गोमंतक, आईला विचारलं. तुकडी कोणती ते तिला आठवत नाही, पण काका बेळगावहून सावंतवाडीकडे गेले आणि परत आल्यावर बरेच दिवस पालथे झोपायचे, हे आठवतं. त्यांची एक वही चुलतभावाकडे भोरला असण्याची शक्यता आहे. जायच्या आधी एका रविवारी आम्ही भोरला जाऊन येतोय. वही मिळाली तर तिची प्रत इथे तुम्हाला दाखवते.

मोंदेगोकाठ, ईमेल गेलं. मठाचं संग्रहालय मंगळवारी सकाळी पहिलं ठेवलंय, माशादो द काश्त्रो त्यानंतर. ओल आणि गाळ हा विषय आमच्याकडे पुराच्या वर्षांत फार जवळून पाहिलाय, त्यामुळे तिथे मला वेळ लागेल. तोवर आई बसेल कुठे, तेवढं सांगा.

मोंदेगोकाठ

तिथल्या संग्रहालयाच्या नव्या इमारतीतच बसायची सोय आहे, मठावरची चित्रफीत दाखवतात आणि काचेतून अवशेष दिसतात. स्वेटर मात्र असू द्या. मार्चमध्ये नदीवरून गार वारा येतो.